सोमाजीच्या छातीतली जाळी

गोंडपिपरीच्या आठवडी बाजारात मासळीच्या ओळीत गोकुळाबाई बसते. मी तिचा जुना गिऱ्हाईक. तिच्याकडे शिळा मासा मिळत नाही, पण तिला कोणी फसवूनही जात नाही. नोट दिली की ती उन्हात धरून बघते. पिशवी उघडली की आधी आत डोकावते. एकदा शेजारच्या भाजीवालीने तिला चहा पाजला, तर हिने कप हातात घेऊन म्हटलं, "पहिले तू पी." भाजीवालीने हसत एक घोट घेतला, मगच ही प्यायली. चहात काही नव्हतं, हे तिलाही माहीत होतं. पण तिचा स्वभावच तसा.

तिचं लग्नही संशयातूनच जमलं. कोरंबीटोल्याचा सोमाजी तिला बघायला आला आणि पोहे खाता खाता जोरात खोकला. गोकुळाने आतूनच भावाला खूण केली. "त्याले तलावावर ने. छाती कच्ची वाटते मले." ढिवराचं, म्हणजे मासेमाराचं पोर छातीचं कच्चं असलं तर पाण्यात उतरणार कसं, हे तिचं म्हणणं. भाऊ लाजला, पण घेऊन गेला. सोमाजीला काय चाललंय ते कळलं. त्याने सदरा काढून काठावर ठेवला आणि बुडी मारली. तो इतका वेळ वर आला नाही की भावाने घाबरून स्वतःच्या चपला काढल्या. मग पार मधोमध, शिंगाड्याच्या वेलांत त्याचं डोकं दिसलं. येताना मूठभर शिंगाडे घेऊन आला. "पोह्यातलं गोडलिंबाचं पान घशात अडकलं होतं," एवढंच बोलला. गोकुळाने होकार दिला.

सोमाजी स्वभावाने तिच्या अगदी उलटा. कोणी काही सांगितलं की त्याला ते खरंच वाटायचं. गावच्या मच्छीमार सोसायटीचा तो सभासद. जाळं टाकायला, डोंगा वल्हवायला, गाळात रुतलेलं जाळं बुडी मारून सोडवायला पहिला तो. दोघांना एक मुलगी, दिव्यानी. ती लग्न होऊन सिरोंच्याला गेली. घरात ही दोघंच उरली. तो मासे धरायचा, ती विकायची.

करोना ओसरल्यानंतरच्या हिवाळ्यात गावात हृदयरोगाचं शिबिर आलं. शाळेच्या व्हरांड्यात फलक लागला, गाडीतून ईसीजीचं मशीन उतरलं, बिस्किटं आणि चहा होता. शहरातल्या एका खासगी हृदयालयाचं शिबिर होतं. त्यांचा अजय नावाचा माणूस दोन दिवस आधीपासून घरोघर फिरत होता. गोड बोलायचा, म्हाताऱ्यांच्या पाया पडायचा. त्याच्यासोबत गावची आशा वर्कर सरिता होती, म्हणून लोकांनी दारं उघडली. सरितावर गावाचा भरवसा होता. दिव्यानीच्या बाळंतपणात तिने गोकुळाच्या घरी रात्री काढल्या होत्या.

शिबिराच्या दिवशी गोकुळा बाजाराला गेली होती. संध्याकाळी परतली तर सोमाजी खाटेवर आडवा आणि अंगणात चार माणसं हळू आवाजात बोलत बसलेली. आधी तिला वाटलं, पाण्यात काही झालं.

"काय जी, काय झालं?"

"पट्टी काढली छातीची," सोमाजी म्हणाला. आवाज एकदम म्हाताऱ्याचा. "मोठी गडबड हाये म्हणते. नस बंद हाये."

"सकाळी तर डोंगा ओढून राह्यले होते तुमी!"

"तेच तर म्हणते ते. कवाही काही होऊ शकते."

जेवल्यावर त्याच्या छातीत जळजळायचं, तेवढीच त्याची तक्रार होती, आणि ती तिखटाच्या रश्श्यामुळे असते हे दोघांनाही ठाऊक होतं. अजय तिथेच उभा होता. तो म्हणाला, "बाई, एक पैसा लागणार नाही. फक्त सरकारी योजनेचं कार्ड सोबत घ्या, पैसे सरकार भरतं. उद्या सकाळी गाडी येते."

गोकुळाने त्याच्याकडे नीट बघितलं. मग विचारलं, "माह्या जावेचीबी पट्टी काढली का?"

"काढली ना. त्यांना नुसता गॅस आहे."

जावेचं कार्ड अजून बनलं नव्हतं. गोकुळाच्या डोक्यात ते तेव्हाच अडकलं. रात्री ती अंथरुणावर एकेक घर मोजत राहिली. ज्यांना शहरात बोलावलं त्या सगळ्यांकडे कार्ड होतं. ज्यांच्याकडे नव्हतं त्यांना गॅस. तिने सोमाजीला तसं सांगितलंही, पण त्याने तिचा हात धरला आणि म्हणाला, "गोकुळा, मले मरायचं नाई." एवढ्या वर्षांत त्याने असं काही म्हटलं नव्हतं. मग तिने उठून योजनेचं कार्ड पिशवीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी गाडी भरून माणसं गेली. शेजारचे गुणवंतराव होते, धानाचे चांगले शेतकरी, पोटाच्या दुखण्याने नेहमीचे हैराण. लटारू होता, सोसायटीतलाच, ज्याला चढ चढताना दम लागायचा. बायका सोबत होत्या.

हृदयालय चकचकीत होतं. फरशी इतकी गुळगुळीत की गोकुळाने चपला हातात घेतल्या. सोमाजीला आत नेलं, तिचा अंगठा घेतला आणि काचेच्या दाराबाहेर बसवलं. थोड्या वेळाने हिरव्या कपड्यातला डॉक्टर बाहेर आला, मोबाइलवर एक चित्र दाखवलं. करड्या रंगात काळी फांदी, आणि एका जागी फांदी बारीक झालेली.

"नव्वद टक्के बंद आहे. आता नसेत जाळी, म्हणजे स्टेंट, टाकावी लागेल. उशीर केला तर आमची जबाबदारी नाही."

"टाका," गोकुळा म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

डॉक्टर पुढे गेला आणि गुणवंतरावांच्या बायकोसमोर उभा राहिला. गोकुळा उठून तिच्या मागे गेली. मोबाइलवर तीच काळी फांदी होती. तसाच वाक, तशीच बारीक जागा. निदान तिला तसं वाटलं. ती मला सांगताना आजही थांबते इथे. "बाहेरच्या माणसाले सारेच रोहू सारखे दिसते. तशी मले नस सारखी दिसली असंल. कोणाले विचारू मी?"

परतताना प्रत्येकाला फळांची टोपली दिली, फलकासमोर उभं करून फोटो काढले. सोमाजीच्या जांघेत, तार घातली तिथे, बारीक जखम होती. छातीवर काहीच खूण नव्हती. गोकुळाने घरी येऊन सदरा वर करून बघितलं, तिला ते विचित्र वाटलं. छातीत एवढी वस्तू ठेवली आणि वर ओरखडाही नाही?

त्या दिवसापासून सोमाजी रोगी झाला. पाण्यात उतरू नका, वजन उचलू नका, गोळ्या चुकवू नका, असं त्याला बजावलं होतं आणि तो ते सगळं देवाची आज्ञा असल्यासारखं पाळत होता. ओट्यावर बसायचा, हात छातीवर. डाव्या कुशीवर झोपायचा नाही, जाळी दबेल म्हणून. "टोचते," म्हणायचा. "श्वास ओढला का टोचते. इथी."

गोळ्या रक्त पातळ करणाऱ्या होत्या. एकदा मासे निवडताना मागुराचा काटा त्याच्या बोटात गेला, तर रक्त थांबता थांबेना. दात घासताना हिरड्यांतून यायचं. त्याचा डोंगा काठावर उलटा पडून राहिला. तलावात जाळं टाकायला दुसरी माणसं जायची. गोकुळा त्यांच्याकडून मासा घेऊन बाजारात बसायची. लोक विचारायचे, भाऊ कसे आहेत? ती म्हणायची, "हाये."

तिला आता सगळ्यांचा संशय यायला लागला. अजयचा फोन लागत नव्हता. हृदयालयात तपासणीला गेलं की दुसराच डॉक्टर असायचा, तो न बघताच त्याच गोळ्या लिहून द्यायचा. मागच्या डॉक्टरांचं विचारलं तर म्हणे सुट्टीवर आहेत. आणि सगळ्यांत जास्त संशय सरिताचा. सरितानेच तर अजयला दारात आणलं. तिच्या हातात नवा मोबाइल दिसला तसा गोकुळाचा तोल सुटला. हातपंपावर चार बाया होत्या, त्यांच्या समोर तिने विचारलं.

"सरिते, एकेका माणसामागं तुले काय भेटलं व?"

सरिता हंडा भरत होती. तिने हात थांबवला. "काय म्हणता बाई?"

"काऊन, समजलं नाई? माह्या माणसाले गाडीत बसवलं, त्याचं काय भेटलं तुले?"

सरिता अर्धा हंडा तसाच उचलून निघून गेली. त्यानंतर कित्येक दिवस ती गोकुळाच्या गल्लीत आलीच नाही. लोकांनी त्याचाही अर्थ आपापला लावला. गावात जिच्या हाकेवर दारं उघडायची, तिच्यासमोर आता लोक बोलणं बंद करायचे.

मग पुढच्या उन्हाळ्यात गुणवंतराव गेले. पोट दुखायचं, शौचाला काळं व्हायचं, तरी गोळ्या घेत राहिले, कारण गोळी चुकली तर जाळी बंद पडते असं सांगितलेलं. एके दिवशी सकाळी रक्ताची उलटी झाली. मुलगी गडचिरोलीला राहायची म्हणून त्यांना तिकडच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी खूप धडपड केली. त्यांनी मुलीला एकच गोष्ट परत परत विचारली: यांच्या पोटात जखम आहे, हे कोणी तपासलं नाही का? यांना या गोळ्या कशासाठी दिल्या? दुसऱ्या दिवशी गुणवंतरावांना घरी आणलं ते तिरडीवर ठेवायला.

तेराव्यानंतर एका दुपारी सरिता गोकुळाच्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"गोकुळाबाई, सोमाजीभाऊले नागपूरले न्या. सरकारी मोठ्या दवाखान्यात. तिथी हृदयाच्या डॉक्टरीणबाई हाये, त्या तपासून देते."

"आता कोण पाठवलं तुले?" गोकुळाने विचारलं.

सरिताच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज चढला. "माह्या बापालेबी त्याच गाडीत बसवलं होतं मी. मले काही भेटलं असतं तं बापाले पाठवलं असतं का? मोबाइल सरकारनं देल्ला, साऱ्या आशा वर्करले देल्ला. गुणवंतराव गेल्यावर मी त्या हृदयालयात फोन केला. पेशंटचं नाव सांगतलं तं फोन कापला. पुन्हा लावला तं पुन्हा कापला. मंग मलेबी शंका आली."

गोकुळा उंबऱ्यात बसली होती. ती म्हणते, त्या वेळी तिला सरिताची माफी मागावी असं वाटलं, आणि त्याच वेळी असंही वाटलं की ही रडते आहे ती खरी कशावरून? दोन्ही एकदम. तिने माफी मागितली नाही. "कवा जायचं?" एवढंच विचारलं.

नागपूरला सोमाजीला न्यायचं म्हणजे मोठं काम होतं. तो जायलाच तयार नव्हता. दुसऱ्या डॉक्टरने हात लावला तर जाळी सरकेल, ही भीती. सरिताने आपल्या बापालाही सोबत घेतलं, तेव्हा कुठे तो एसटीत बसला. रस्ताभर खड्डा आला की छाती धरायचा.

सरकारी दवाखान्यात रांगाच रांगा. डॉक्टर मॅडम वयाने तरुण, डोळ्यांखाली काळं झालेलं. त्यांनी आधी सोमाजीला चालत्या पट्ट्यावर चालवलं. तो दोन पावलं टाकून थांबायचा, म्हणायचा, "बस जी, आता नाई." मॅडम म्हणायच्या, "काका, तुमचं हृदय मस्त चाललंय, घाबरू नका, चला." तो घामाने भिजला, पण शेवटपर्यंत चालला. मग सोनोग्राफीसारखी तपासणी. मग मॅडमच्या कपाळावर आठ्या आल्या. त्या म्हणाल्या, "मी यांना चालत्या एक्स-रेखाली बघते. नसांचीही पुन्हा तपासणी करू."

गोकुळा लगेच म्हणाली, "पुन्हा तार घालान तं मी बाहेर बसत नाई. मले दिसलं पायजे."

मॅडम रागावल्या नाहीत. तपासणी झाल्यावर त्यांनी तिला काचेच्या पलीकडच्या खोलीत बोलावलं. पडद्यावर सोमाजीचं हृदय हलत होतं. काळ्या फांद्या भरत होत्या, रिकाम्या होत होत्या.

"बघा बाई, या त्यांच्या नसा. सगळ्या मोकळ्या आहेत. आणि जाळी कुठेच नाही."

"नाई म्हंजे?"

"टाकलेलीच नाही."

गोकुळाला आधी काही कळलंच नाही. मग तिने विचारलं, "जाळी असली तं कशी दिसते? मले दाखवा. दुसऱ्या कोणाची दाखवा."

मॅडमनी संगणकावर दुसरं एक चित्र काढलं, नाव झाकून. नसेच्या आत एक बारीक नळी, धाग्याने विणल्यासारखी, स्पष्ट. गोकुळाने दोन्ही चित्रं आलटून पालटून दाखवायला लावली. मॅडमनी दाखवली. तिसऱ्यांदाही दाखवली. गोकुळाला मनातून वाटत होतं की या बाईला आपल्याला खोटं सांगून काय मिळणार? आणि लगेच वाटायचं, हेच तर अजयबद्दलही वाटलं होतं.

सोमाजीला सांगितलं तेव्हा तो चिडला. आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरवर चिडला. "मले टोचते! रोज टोचते! मंग टोचते ते काय हाये?"

"काका, ते पित्त आहे. आणि थोडी भीती."

"भीती टोचते का?"

"टोचते," त्या म्हणाल्या. "माझ्या इथे रोज येतात अशी माणसं."

सरिताच्या बापाच्या छातीत मात्र जाळी निघाली. चांगल्या, मोकळ्या नसेत घातलेली. ती आता काढता येत नव्हती. त्याच्या गोळ्या बंद करता येत नव्हत्या. सरिता ते ऐकून भिंतीला टेकली आणि तशीच खाली बसली. गोकुळा तिच्या शेजारी जाऊन बसली.

पुढचं काम मात्र दोघींनी मिळून केलं. गाडीतून गेलेल्या प्रत्येकाच्या घरी त्या गेल्या. सगळे आले नाहीत. लटारूने तर अंगणातूनच परत पाठवलं. त्याला खरोखर दुखणं होतं, जाळी टाकल्यापासून त्याचा दम थांबला होता, तो पुन्हा डोंगा चालवत होता. "माहा जीव त्याइनं वाचवला. मी त्याइच्या विरोधात बोलणार नाई." गोकुळाला राग आला, पण घरी येऊन ती म्हणाली, त्याचं तरी काय चुकलं? त्या चोरांनी हजारात एखादं काम खरं केलं असेल, ते नेमकं याच्या वाट्याला आलं.

तक्रार झाली, चौकशी समिती बसली. हृदयालयाने सांगितलं की सोमाजीला टाकलेली जाळी विरघळणारी होती, म्हणून दिसत नाही. हे ऐकून सोमाजीचा चेहरा उजळला, हे गोकुळाने बघितलं. म्हणजे होती तर! आपण वेडे नव्हतो! गोकुळाचं काळीज त्या क्षणी तुटलं. नागपूरच्या मॅडम समितीपुढे आल्या. त्यांनी सांगितलं की त्या प्रकारच्या जाळीच्याही टोकांना धातूचे ठिपके असतात, ते विरघळत नाहीत आणि पडद्यावर दिसतात. सोमाजीच्या नसेत ठिपका नव्हता. हृदयालयाच्या वकिलाने पुढे विषय बदलला.

हृदयालयाचं नाव योजनेतून काढलं, त्या डॉक्टरचा परवाना काही काळासाठी थांबवला. गुणवंतरावांच्या मृत्यूचा खटला अजून चालू आहे, तारखा पडतात. अजय कुठे गेला कोणाला माहीत नाही. मागच्या वर्षी गोकुळा शहरात गेली तेव्हा त्याच इमारतीवर वेगळ्या नावाचा फलक होता. ती आत डोकावली. फरशी तीच होती, तिथला चौकीदारही तोच होता. त्याने तिला ओळखलं नाही, किंवा तसं दाखवलं.

सोमाजीने गोळ्या सोडल्या, हिरड्यांतून रक्त यायचं थांबलं. डोंगा सरळ व्हायला मात्र बरेच महिने गेले. पहिल्यांदा तो गुडघाभर पाण्यात उभा राहिला, मग कमरेइतक्या. गोकुळा दूर झाडाखाली बसून जाळं शिवत असल्याचं दाखवायची. एके सकाळी तो जाळं फेकून आला आणि टोपलीत दोन मरळ टाकून म्हणाला, "गोकुळा, डॉक्टरीणबाई खोटं बोलत असन तं?" ती म्हणाली, "तं मंग तुमी पाण्यात मेले असते." यावर तो हसला. पण तो पूर्ण मानला आहे, असं तिलाही वाटत नाही.

त्यानंतर गावात शिबिराचं नाव काढलं की लोक दारं लावायचे. यंदा प्राथमिक आरोग्य केंद्राने रक्तदाब तपासायचं ठरवलं. सरिता शाळेच्या व्हरांड्यात मशीन घेऊन बसली. सकाळ गेली, कोणीही फिरकलं नाही. रस्त्याने जाणारे मान वळवून जायचे. गोकुळा बाजारातून परतत होती, डोक्यावर रिकामी टोपली. ती थांबली, टोपली खाली ठेवली आणि खुर्चीवर बसून दंड पुढे केला.

"घे. पण आकडा मले दाखवजो."

सरिताने पट्टा बांधला. आकडा बघून ती म्हणाली, "बाई, बहुत वाढलं हाये."

"पुन्हा लाव."

पुन्हा लावलं.

"आता या हाताले लाव."

तोवर व्हरांड्याच्या पायरीशी दोन बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या, मग आणखी काही. गोकुळाबाईला काय निघतं ते बघायला. आकडा तिन्ही वेळा तसाच होता.

"मी गडचिरोलीच्या मशीनवरबी पाह्यतो," गोकुळा म्हणाली आणि उठली. उठताना तिने सरिताच्या खांद्यावर हात टेकला. टेकायची तशी गरज नव्हती. मागची बाई पुढे सरकून खुर्चीवर बसली.

गडचिरोलीच्या मशीननेही तेच सांगितलं. आता गोकुळाबाई रोज सकाळी एक गोळी घेते. परवा बाजारात तिने मला गोळीची पट्टी दाखवली आणि विचारलं, "भाऊ, तुमी वाचून पाहा बरं, हे रक्तदाबाचीच हाये ना?" मी वाचलं. हो म्हटलं. तिने पट्टी परत घेतली आणि पलीकडे बसलेल्या भाजीवालीलाही वाचायला दिली.